एस्तेरबाईंची कात्री

एस्तेरबाईंइतकं भित्रं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. मी स्वतः भित्री आहे, त्यामुळे हे उगाच म्हणत नाही. वारा सुटला की बाई कागदांकडे धावायच्या. आभाळात ढग आला, आणि त्या दुष्काळी सालात ढग आला म्हणजे अख्खं गाव हात जोडून वर बघायचं, तर बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांच्या खोलीत काडीपेटी न्यायला बंदी होती. स्टोव्ह अंगणाच्या पार टोकाला, आणि तोही पेटवण्याआधी त्या ओलं बोट वर धरून वारा कुठला ते बघत. शनिवारी सकाळी गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेनं वाळवी शोधत. पंचांपैकी कुणी दारात दिसलं तर काही विचारायलाच नको. उगाच पदर नीट करत बसायच्या, आणि तो काही केल्या नीट व्हायचा नाही.

"आधी पोटभर भिऊन घ्यावं, हिरे," त्या मला म्हणायच्या, "म्हणजे कामाच्या वेळी भीती मधे येत नाही."

हे काही खरं नव्हतं. भीती कामाच्या वेळीही मधे यायचीच. बाई तिला "जरा सरक" म्हटल्यासारखं करून हातातलं काम पुढे न्यायच्या, एवढंच.

मी राजूरकडची. चौथीत शाळा सुटली, कारण धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ह्यांना पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून घेतलं आणि आम्ही तिसगावच्या पलीकडे एका गावात येऊन पडलो. जिल्हा एकच, पण आमच्याकडे भाताची खाचरं आणि पायाखाली सदा ओल. इथं विहिरीत डोकावलं तर तळाचे दगड उन्हात चमकायचे. टँकर पहाटे जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. दिवसभर मी एकटी. ओळखीचं माणूस नाही, ओळखीचं झाड नाही. हे वेळेवर आले नाहीत की टँकर उलटला असेल, लोकांनी पाण्यासाठी अडवून मारलं असेल, असले विचार मी दाराच्या चौकटीला टेकून करत बसायची.

गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. तिथं एक प्रार्थनामंदिर, एक बंद पडलेली शाळा आणि शाळेला लागून मुख्य बाईंचं दोन खोल्यांचं घर. एस्तेरबाई त्या शाळेच्या शेवटच्या मुख्य बाई. लग्न केलेलं नव्हतं. शाळा बंद झाली तरी मंडळीच्या पंचांनी त्यांना त्या घरात राहू दिलं होतं. मंडळी म्हणजे वस्तीतल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचा समाज. पाळक नगरहून अधूनमधून यायचे, बाकी कारभार पंचांच्या हातात. दोन खोल्यांतली एक बाईंनी आम्हाला दिली. टँकरवाल्याला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आपल्या दारात टँकर उभा राहिला तर सगळं गाव घागरी घेऊन दारात येईल, अशी प्रत्येकाला धास्ती. बाईंनाही ती होती. तरी दिली.

निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नको. बाटवतील." त्यामुळे बाईंनी चहा पुढे केला की मी "पित्त होतं" म्हणायची. असं दोन-तीनदा झालं. मग बाई बाजाराच्या दिवशी तिसगावहून एक नवा माठ कडेवर घेऊन आल्या, घामानं भिजलेल्या, आणि माझ्या दारात ठेवला.

"हा तुझा. तुझ्या नवऱ्याचं पाणी, तुझ्या हातानं भर. मी शिवणार नाही."

पुढच्या आठवड्यात मीच त्यांच्या अंगणात जाऊन स्टोव्हपाशी बसले आणि चहा मागितला.

"पित्ताचं काय झालं?" बाई म्हणाल्या.

"उतरलं."

तोंडावर हात धरून बाई खूप वेळ हसल्या. मोकळं हसायलाही त्या भीत असाव्यात.

त्यांच्या खोलीत खाट कोपऱ्यात ढकललेली आणि बाकी सगळीकडे कागद. ट्रंका, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, धान्याची रिकामी कणगी, सगळ्यांत कागद. मधेमधे कडुनिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं, किडीसाठी. सुरुवातीला त्या वासानं मला शिंका यायच्या. त्यांच्या जुन्या डायऱ्या होत्या, शिकवून गेलेल्या मुलींची पत्रं होती, वर्गात इतिहास शिकवायची टिपणं होती. पण सगळ्यांत जास्त होत्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिकती. बाईंना मंडळीचा इतिहास लिहायचा होता. त्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला, मिशनच्या आवारात भाकरी मिळू लागली, तेव्हा ही माणसं तिथं आली आणि पुढे ख्रिस्ती झाली. मिशनच्या छापील अहवालांत लिहिलेलं होतं की त्यांनी देवाचं वचन ऐकलं, म्हणून ती आली.

"ऐकलं असेलही," बाई म्हणायच्या. "पण त्यांना विचारलं कुणी?"

बाई स्वतः पक्क्या भाविक. जेवायला बसताना डोळे मिटून इतका वेळ प्रार्थना करायच्या की भाकरी गार व्हायची. पण भाव असला म्हणून विचारायचं नाही, हे त्यांना पटत नसे. त्यांची आई त्या दुष्काळातलीच अनाथ पोर. ती त्याविषयी कधी बोलली नाही. "मी विचारायला भ्याले," बाई एकदा म्हणाल्या. "तिला रडू येईल म्हणून भ्याले. मग ती गेली." तेव्हापासून त्या दुसऱ्यांच्या आयांना विचारत फिरू लागल्या.

त्यांची विचारायची एक रीत होती. ऐकताना पेन्सिलीनं लिहायचं. घरी येऊन शाईनं स्वच्छ उतरवायचं. मग पुन्हा त्या माणसाकडे जायचं, घरातल्या सगळ्यांना बसवायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं. शेवटी विचारायचं, "हे तुमचंच का?" आणि पिशवीतून शिवणाची कात्री काढून त्या माणसाच्या हातात द्यायची. "नको असेल तेवढं कापा. कापलेलं तुमचं, उरलेलं माझं." ज्यानं सांगितलं त्यानंच कापायचं. मुलानं नाही, नवऱ्यानं नाही. सांगणारं माणूस मरून गेलं असेल, तर मग कुणीच नाही.

मी पहिल्यांदा ते कागद पाहिले तेव्हा म्हटलं, "बाई, उंदरांनी पार वाट लावली की."

"उंदीर नाहीत गं. ही माणसांनी पाडलेली भोकं."

"मग नवा कागद घेऊन नीट उतरवून काढा ना."

"छे! इथं काहीतरी होतं आणि ते त्याला ठेववलं नाही, हे पुढच्याला कळायला नको?"

खडी फोडायच्या कामावर राहेलबाई नावाची एक म्हातारी होती. तिचं वाचन मी पाहिलं. दुपारच्या सुट्टीत बायका बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या, बाईंनी तिथंच कागद काढला. राहेलबाईनं मान डोलवत सगळं ऐकलं, मग कात्री घेऊन पहिल्या नवऱ्याच्या नावाची बारीक चिठ्ठी कापली. इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी तोंडात टाकली आणि चावून गिळली.

"गेला एकदाचा," ती म्हणाली. "जित्ता हुता तवा बी आसाच कडू हुता."

बायका खडीवर लोळून हसल्या. बाई मात्र गंभीरपणे कात्री पुसून पिशवीत ठेवत होत्या.

एकदा शेळीनं घात केला. बाईंनी कागद उन्हात पसरले होते, प्रत्येकावर एक दगड. शेजारची शेळी आली आणि दगड बाजूला सारून एक अख्खं पान खाऊन गेली. बाई अंगणातच बसून रडायला लागल्या. मला वाटलं, एका पानासाठी एवढं? संध्याकाळी त्या उन्हानं तापलेल्या वाटेनं चालत वरच्या वाडीला गेल्या, ती हकीकत सांगणाऱ्या म्हातारीकडे. परत आल्या त्या विचारात पडलेल्याच.

"सांगितलं का त्यांनी पुन्हा?"

"सांगितलं. पण आता भावाऐवजी मामा आला मधे." मग पायांवरची धूळ झटकत म्हणाल्या, "शेळीनं खाल्लं ते खरं की आज लिहिलं ते खरं, आता मला कसं कळणार?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यामुळे वाचून दाखवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. जोडाक्षर आलं की मी अडायची. बाई शब्द सांगून टाकत नसत. "घाई नको. ही माणसं इतकी वर्षं थांबलीत, आणखी थोडं थांबतील." शाळा सुटल्यानंतर माझ्यासाठी कुणी असं थांबलं नव्हतं.

सगळं बिघडलं ते सुकडीमुळे.

दुष्काळी कामावर ज्याचं नाव हजेरीत, त्यालाच सुकडी, म्हणजे सरकारचं ते गोड पीठ, मिळायची. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, मिलो, तीही कागदावरचं नाव बघूनच. त्यामुळे कागदावर नाव म्हणजे पोटाला अन्न, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. राहेलबाईचं वाचन कामावरच झालं होतं, पन्नास जणांनी ते पाहिलं. बघता बघता बातमी फिरली की म्हातारी मास्तरीण नावं लिवती, दुष्काळाची हकीकत सांगितली की मिशनकडून गहू मिळणार. एका सकाळी दार उघडते तर अंगणात ही रांग. वस्तीतले, गावातले, शेजारच्या गावचेही. हिंदू, मुसलमान, सगळे. पुढेच एक तरणाबांड गडी उभा.

"बाई, आमचं बी लिवा. मोठ्या दुष्काळात लई हाल झालं."

"तुमचं वय काय?"

"तीस आसंल."

"मोठा दुष्काळ तुमच्या वडलांनी तरी पाहिला का?"

"न्हाई. पर आत्ताचं हाल तेच हायेत की!"

बाई हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. म्हणाल्या, "हिरे, पेन्सिल आण." आणि त्याचं लिहून घेतलं. बायको माहेरी पाठवली, बैल छावणीत, पोराच्या अंगावर फोड. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं. त्यानं कात्री परत दिली आणि पिशवी पुढे केली. "गहू?"

गहू नाही म्हटल्यावर रांग मोडली. शिव्या देत मोडली. पण जाताना ती माणसं एक गोष्ट घेऊन गेली. ह्या बाईकडे कोण कशापायी ख्रिस्ती झालं ते लिहून ठेवलेलं आहे, हे आता चार गावांना कळलं.

पुढच्याच आठवड्यात सुकडीच्या रांगेत कुणीतरी वस्तीतल्या माणसांकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणालं, "ह्यांना आधी द्या रं. ह्यांचं जुनंच हाय. खायाला दिलं की देव बदलत्यात." दुसरा म्हणाला, "मास्तरणीकडं लिवूनच हाय की." टिकाव उगारले गेले. त्या संध्याकाळी आमच्या घराच्या कौलांवर दगड पडले. मी कणगीच्या आड बसून होते. हे यायचे होते अजून. बाई खाटेवरची गोधडी उचलून ट्रंकांवर टाकत होत्या, स्वतःच्या डोक्यावर नाही. दगड बाहेरच्यांचे होते की वस्तीतल्यांचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

मग भास्करराव आले. पंचांतले मुख्य, खडीच्या कामावर मुकादम. लहानपणी बाईंकडे बिगरीत शिकलेले, त्यामुळे बाई त्यांना अरेतुरे करत. ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

"बाई, कागद मंडळीच्या ताब्यात द्या."

"कशाला रे, भास्कर?"

"जाळायला." आडपडदा न ठेवता म्हणाले. "काल माझ्यादेखत माझ्या पोराला म्हनाले, तुझ्या आज्यानं भाकरीवर देव इकला. पोरगं माझ्या तोंडाकडं बघाय लागलं. काय सांगू त्याला? आन् तुमच्याकडं तर म्हनं आबाच्याच तोंडचं लिवलेलं हाय."

"आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा पदर तिसऱ्यांदा खांद्यावरून घसरला. "तुझ्या वडलांनी सांगितलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी कापलं नाही."

"तवा मी घरी न्हवतो."

"असतास तरी कात्री तुला दिली नसती."

भास्करराव दुष्ट नव्हते. कामावर आजारी बाईची हजेरी लावायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांचा चेहरा भुकेल्या माणसासारखा ओढलेला दिसत होता.

"रविवारपर्यंत द्या," ते म्हणाले. "न्हाईतर... घर मंडळीचं हाय, बाई. माझ्या एकट्याच्या हातात न्हाई आता." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी बी बघा कुटं सोय हुती का."

खरं लिहायचं तर माझा जीव कागदांत नव्हता, छपरात होता. ह्या घरातून निघालो तर टँकरखाली निजायचं का? मी बाईंना म्हटलं, "देऊन टाका ना. तुमच्या डोक्यात सगळं आहेच."

"माझे असते तर दिले असते गं," बाई म्हणाल्या. "कालच दिले असते."

ते दिवस फार वाईट गेले. बाईंनी जेवण सोडल्यासारखंच केलं. कागद कुठे लपवता येतील, याचे नाना विचार त्यांनी केले. कोरड्या विहिरीत पुरावेत का? वाळवी लागेल. शाळेच्या माळ्यावर? तिथं तर आधी बघतील. एकदा ह्यांना म्हणाल्या, "तुमच्या टँकरमध्ये ठेवले तर?"

हे डोकं खाजवत म्हणाले, "बाई, टँकरात पाणी असतंय."

"हो, खरंच की," म्हणून बाई आत गेल्या. एरवी आम्ही हसलो असतो.

सकाळच्या त्यांच्या प्रार्थनेतले शब्द भिंतीपलीकडून ऐकू यायचे. धीर मागत नव्हत्या. "देवा, धीर नको. नुसतं पायांत बळ दे," म्हणत होत्या. आणि शुक्रवारी त्या वस्तीत घरोघर गेल्या. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी शाळेच्या ओसरीवर यायचं, ज्याचं त्याचं वाचून दाखवणार, ज्याला कापायचं त्यानं कापावं, असं सांगून आल्या. सगळे कागद एकगठ्ठा पंचांना द्यायचे नाहीत, हे त्यांचं ठरलं होतं. पण ज्याचं त्यानं न्यायला त्यांची हरकत नव्हती.

"सगळ्यांनी सगळंच नेलं तर?" मी विचारलं.

बाई पिशवीतली कात्री काढून पुसू लागल्या.

रविवारी ओसरी भरली. पंच एका बाजूला खुर्च्यांवर. ट्रंका मधे. बाई उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी पहिला कागद माझ्या हातात दिला. त्या वस्तीतली मी नाही, त्या धर्मातली नाही, शिकलेली नाही, आणि शंभर माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. पण बाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "घाई नको."

मी वाचू लागले. एकेक म्हातारं माणूस पुढे यायचं, ऐकायचं. बाईंचं "हे तुमचंच का?" आता कुजबुजल्यासारखं यायचं. आणि मग कात्रीचा आवाज. आधी बारीक चिठ्ठ्या. मग ओळी. मग एका म्हातारीनं तिच्या सुनेकडे पाहिलं आणि पान मधून उभं कापून अर्धं पदरात घेतलं. वसंतबाबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं तर सगळंच कापलं, फक्त वरचं नाव तेवढं राहिलं. कुणी नजर वर करत नव्हतं. बाई प्रत्येक वेळी कात्री परत घेत, उरलेला कागद ट्रंकेत ठेवत. दोन-तीन जणींनी काहीच कापलं नाही, त्याही चोरी केल्यासारख्या खाली मान घालून गेल्या. ट्रंकेत कागद कमी आणि भोकं जास्त दिसू लागली.

सगळ्यांत शेवटी भास्करराव वडलांना हाताला धरून घेऊन आले. सावळाबाबा. ऐंशीच्या पुढचे, दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. मी वाचलं. मोजक्याच ओळी होत्या. आम्ही दुष्काळात आलो. मिशनच्या आवारात भाकरी मिळायची. भाकरी मिळाली म्हणून राहिलो.

भास्कररावांनी कात्री वडलांच्या हातात दिली, अंगठा बरोबर कडीत घातला. "कापा, आबा."

"परत वाच, पोरी."

मी परत वाचलं. बाबांनी कात्री मांडीवर ठेवली.

"ह्यातलं निम्मं खोटं हाय," ते म्हणाले.

भास्करराव पंचांकडे वळले. "बघा! मी म्हनत न्हवतो?"

"भाकरीसाठी आलो हे खरं हाय. भाकरीसाठी ऱ्हायलो हे खोटं."

बाई पुढे सरकल्या. मी पेन्सिल शोधू लागले.

"मला ठकी नावाची धाकटी भन हुती," बाबा म्हणाले. "तिला चालवत न्हवतं. पाठीवर घेऊन आनली. फाटकाशी ही रांग, ही रेटारेटी. तिला बाभळीखाली बसवली, म्हनलं हितंच बस, हालू नको, भाकर घेऊन येतो. रांगंत लई येळ गेला. भाकर घेऊन आलो तर ठकी न्हाई."

बाबांनी डोकं मागे भिंतीला टेकवलं.

"लई हुडाकली. मग पाऊसपानी झालं, आमच्या गावची मानसं माघारी गेली. मला बी हाका मारल्या. मी कसा जाऊ? तिला सांगितलं हुतं, हितंच येतो म्हनून. ती आली आन् मी नसलो तर? ख्रिस्ती झाल्याबिगर आवारात ऱ्हाऊ देत न्हवते. झालो."

"आणि देव, बाबा?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज परत आला होता.

"देव मागनं आला. तवर मी हितंच हुतो."

भास्करराव वडलांसमोर खाली बसले होते. कधी बसले ते मी पाहिलं नाही. मोठा मुकादम माणूस, लहान पोरासारखं त्यांनी विचारलं, "आबा, मला आत्या हुती?"

"हुती की."

"कधी बोलला न्हाई."

"कुनी इचारलंच न्हाई." मग बाबा बाईंच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "हिनं इचारलं तवा मी निम्मंच सांगितलं. भ्यालो. सांगितलं तर ती गेली हे खरं हुईल, आसं वाटलं."

मी लिहिलं. माझं अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. बाईंनी मला ते उभं राहून वाचायला लावलं. वाचताना ठकीच्या नावापाशी मी अडले, तेव्हा बाई थांबल्या. सगळी ओसरी थांबली.

"हे तुमचंच का?"

"व्हय," बाबा म्हणाले. कात्री त्यांच्या मांडीवर तशीच होती. भास्कररावांनी ती उचलली, दोन्ही हातांनी बाईंना दिली आणि वडलांना उठवून घरी नेलं. पंचांशी ते बोलले नाहीत. ज्यांनी कापलं होतं ती माणसंही चिठ्ठ्या मुठीत धरून पांगली. कुणी एकही परत आणून दिली नाही.

कागद जाळायचा विषय पुन्हा निघाला नाही. घराचा मात्र निघाला. भास्कररावांनी सांगून पाहिलं, पण बाकीच्या पंचांनी ऐकलं नाही. शाळेच्या जागेत धान्य साठवायचं आहे, असं कारण पुढे केलं. बाईंनी महिनाभराची मुदत मागितली, ती मिळाली. आमचंही ठरलं. ह्यांना मराठवाड्याच्या हद्दीवरच्या गावांचा फेरा दिला, म्हणजे घर आणखी लांब. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या शिकवायच्या टिपणांतली एक वही दिली, मोठ्या अक्षरांतली. "वाचत राहा. अडलं तर थांब, पण सोडू नको." मी त्यांच्या पाया पडले, तर त्या घाबरून मागे सरल्या.

सकाळी सामान टँकरच्या मागच्या फळीवर बांधलं आणि निघालो. बाई घरात नव्हत्या. दार ओढून घेतलेलं. वस्तीच्या टोकाला भास्कररावांचं घर, त्याला लागून गोठा. बैल छावणीत गेल्यापासून गोठा ओस पडलेला. ह्यांनी टँकरचा वेग कमी केला, तेव्हा मला दिसलं. गोठ्यातली जमीन शेणानं सारवून वाळत ठेवलेली होती, दारापाशी बाईंच्या ट्रंका रांगेनं मांडलेल्या, एका ट्रंकेवर सावळाबाबा काठी धरून बसलेले. वर आढ्यावर भास्करराव पाय फाकून उभे, तोंडात खिळे, छपरावर पत्रा ठोकत होते. आणि खाली एस्तेरबाई शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे गच्च मिटून ओरडत होत्या.

"भास्कर, पडशील रे! उतर आधी! उतर म्हणते ना!"

भास्कररावांनी खिळे हातात घेतले. "बाई, आधी डोळं उघडा," ते वरून म्हणाले, आणि पुन्हा ठोकायला लागले.